हीट पंप घ्यायचाय? आधी जुना बॉयलर पंचेचाळीस अंशांवर चालवून बघा

प्रश्न: आमचं दोन मजली घर आहे आणि हिवाळा चांगलाच कडक असतो. पंधरा वर्षांचा गॅस बॉयलर अजून चालतोय, पण मेकॅनिक म्हणतो, फार तर दोन-तीन वर्षं ओढेल. नवा बॉयलर बसवायचा तर वर्षभराच्या गॅस बिलाच्या तिप्पट खर्च आहे. हीट पंपाची (विजेवर चालून बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राची) दोन कोटेशनं आली आहेत, दोन्ही अनुदान वजा करून. पहिलं १४ किलोवॅटच्या पंपाचं, खोल्या तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर आहेत तेच. खर्च साडेसहा वर्षांच्या गॅस बिलाएवढा. दुसरं ७ किलोवॅटच्या पंपाचं, पाच रेडिएटर बदलून मोठे घालायचे. खर्च सात वर्षांच्या बिलाएवढा. लहान पंपाला जास्त पैसे कशासाठी, हे घरात कुणालाच पटत नाहीये. इमर्जन्सी फंड आठ महिन्यांच्या घरखर्चाचा आहे. दुसरं कोटेशन घेतलं तर त्यातले पाच महिने जातील. नाहीतर ९ टक्क्यांनी सात वर्षांचं कर्ज मिळतंय. दरमहा घरखर्चाच्या सहाव्या हिश्श्याएवढी बचत होते. वर्षाला १७,००० युनिट गॅस जळतो. गेल्या हिवाळ्यात सगळ्यात थंड दिवशी, बाहेर सरासरी उणे ५ असताना, १५० युनिट जळाला. विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या तिप्पट महाग आहे. मी पगारदार आहे, पत्नीचं काम कंत्राटी आहे. आणि हो, पाच-सहा वर्षांत माझी बदली होऊ शकते. काय करावं?

उत्तर: नमस्कार. या महिन्यात कुठल्याच कोटेशनवर सही करू नका. पंप घ्यायचं ठरलंच तर दुसरं कोटेशन घ्या, तेही थोड्या दुरुस्त्या करून. फंड रिकामा करू नका आणि ९ टक्क्यांचं पूर्ण कर्जही काढू नका. आता यामागचं गणित सांगतो. तुम्ही मीटरचे आकडे जपून ठेवलेत म्हणून ते मांडता येतंय. बहुतेक पत्रांत फक्त "बिल फार येतं" एवढंच असतं.

सुरुवात दराच्या गुणोत्तरापासून करू. तुमचा बॉयलर ९० टक्के कार्यक्षम धरू, म्हणजे १०० युनिट गॅस जाळला की ९० युनिट उष्णता घरात येते. (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, गॅसचंही आणि विजेचंही.) नवा बॉयलरही रोजच्या वापरात साधारण तेवढंच देईल असं धरतो. वीज तिप्पट महाग आहे. तेव्हा हीट पंपाने एका युनिट विजेतून किती युनिट उष्णता दिली की खर्च बरोबरीत येतो? ०.९ गुणिले ३, म्हणजे २.७. एका युनिट विजेतून जितकी युनिट उष्णता मिळते, त्या आकड्याला सीओपी म्हणतात. पूर्ण हंगामाची सरासरी काढली की एससीओपी. तुमच्या घरात हंगामी सरासरी २.७ च्या खाली राहिली, तर लाखमोलाचा पंप बसवूनही उष्णता गॅसपेक्षा महागच पडेल. वर गेली, तर जेवढी वर तेवढी बचत. हा २.७ चा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. विक्रेता काहीही दाखवो, त्याच्याशी ताडून बघायचं.

तुमच्या घराला वर्षाला १७,००० च्या ९० टक्के, म्हणजे १५,३०० युनिट उष्णता लागते. गॅसचा आजचा खर्च (स्थिर आकार सोडून) १०० मानू. एससीओपी २.६ आला तर विजेचा खर्च १०४. २.८ आला तर ९६. ३.६ आला तर ७५. यंत्र तेच, घर तेच, हिवाळा तोच, आणि निकाल मात्र चार टक्के तोट्यापासून पंचवीस टक्के फायद्यापर्यंत कुठेही. म्हणून "हीट पंप परवडतो का" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तुमच्या घरात तो किती एससीओपीने चालेल, हे विचारायला हवं. आणि ते पंपाच्या कंपनीपेक्षा तुमच्या रेडिएटरवर जास्त ठरतं.

कसं ते सांगतो, कारण घरातला सगळा वाद इथेच सुटेल. हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. विहीर जितकी खोल, तितकं पाणी शेंदायला जोर जास्त. इथली खोली म्हणजे बाहेरच्या हवेचं तापमान आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक. बाहेर शून्य अंश असताना पाणी ३५ अंशांवर न्यायचं असेल तर भौतिकशास्त्राची कमाल मर्यादा ८.८ येते, ५५ अंशांवर न्यायचं असेल तर ६. प्रत्यक्षातली यंत्रं या मर्यादेच्या साधारण निम्म्यापर्यंत पोचतात. व्यवहारात लक्षात ठेवायचा ठोकताळा असा: पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवलं की वीज दोन ते तीन टक्के कमी लागते. दहा अंश उतरवले तर बिलाचा पाव हिस्सा इकडचा तिकडे होतो.

मग सगळे जण ३५ अंशांवरच का चालवत नाहीत? कारण कोमट रेडिएटर कमी उष्णता देतो. रेडिएटरची क्षमता सहसा आत जाणारं पाणी ७५ अंश, बाहेर पडणारं ६५ अंश आणि खोली २० अंश असं धरून छापलेली असते. त्याच रेडिएटरला ५५ अंशांचं पाणी दिलं तर तो छापील क्षमतेच्या साधारण निम्मी उष्णता देतो. ४५ अंशांना जेमतेम ३५ टक्के. जुना रेडिएटर तसाच ठेवला की खोली गरम होत नाही, मग इन्स्टॉलर पाण्याचं तापमान वाढवतो, आणि तुमचा एससीओपी ३.६ वरून २.८ वर घसरतो. माणूस थंडीने कुडकुडत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही. फक्त बिल येतं.

आता दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवा. पहिल्यात रेडिएटर तेच आहेत, म्हणजे थंडीत ५५ अंशांच्या आसपास पाणी लागणार. माझ्या अंदाजाने २.८, नशीब चांगलं तर २.९. दुसऱ्यात मोठे रेडिएटर आहेत, ४५ वर भागेल. तिथे ३.६ अवाजवी नाही. दोन्ही कोटेशनांतला फरक अर्ध्या वर्षाच्या गॅस बिलाचा. आणि दुसऱ्यामुळे दरवर्षी वाचणारी जादा रक्कम वार्षिक बिलाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. अडीच-पावणेतीन वर्षांत वरचे पैसे वसूल. तुमच्या पत्रातल्या सगळ्या पर्यायांत याच्याइतकी चांगली गुंतवणूक दुसरी नाही, आणि गंमत म्हणजे नेमकी तीच घरच्यांना खटकते आहे. जादा पैसे लहान पंपासाठी जात नाहीयेत. ते रेडिएटरसाठी आहेत. पंप लहान असणं हा वेगळा फायदा.

त्या वेगळ्या फायद्याबद्दल. सगळ्यात थंड दिवशी १५० युनिट गॅस जळाला, म्हणजे १३५ युनिट उष्णता. त्यातलं अंघोळीचं, भांड्यांचं गरम पाणी १० युनिट धरून वजा केलं तर उरले १२५, भागिले २४ तास. तुमच्या घराला उणे ५ अंशांत सतत ५.२ किलोवॅट उष्णता लागते. बस. १४ किलोवॅटचा पंप त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट झाला. हा मोठेपणा बॉयलरला चालून जातो, हीट पंपाला नाही. पंपाचा कॉम्प्रेसर एका मर्यादेखाली मंद होऊ शकत नाही. हिवाळ्यातले बहुतेक दिवस बाहेर पाच ते दहा अंश असतात आणि घराला दोन-तीन किलोवॅटच पुरतात. तेव्हा मोठा पंप चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. त्यात कार्यक्षमता जाते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही. "मोठा घेतलेला बरा, कमी पडायला नको" हा सल्ला देणारा बहुधा स्वतःला तक्रारीपासून वाचवत असतो. बिल तुम्ही भरणार असता.

मात्र ७ किलोवॅट हा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. पुष्कळ पंपांवर छापलेली क्षमता बाहेर ७ अंश असतानाची असते. उणे ७ ला तोच पंप पाच-साडेपाचवर येऊ शकतो. इन्स्टॉलरकडून एकच तक्ता मागा: बाहेर उणे ५ आणि उणे १०, पाणी ४५, तेव्हा किती किलोवॅट मिळतात आणि सीओपी किती. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात ए७/डब्ल्यू३५ असं लिहून जो देखणा सीओपी देतात, तो बाहेर ७ आणि पाणी ३५ असतानाचा. तुमच्या घराचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. वर्षातल्या दोन-चार अति थंड रात्री पंप किंचित कमी पडून त्याच्यातलाच इलेक्ट्रिक हीटर चालू झाला तरी हरकत नाही. त्या रात्रींसाठी दुप्पट मोठं यंत्र घेणं हा मूर्ख खर्च आहे.

आता मोठा प्रश्न: दुसरं कोटेशनसुद्धा पैशाच्या दृष्टीने चांगलं आहे का? तुमचा बॉयलर तसाही जाणार आहे, म्हणून पंपाची तुलना शून्याशी नको, नव्या बॉयलरशी करू. सात बिलं वजा तीन, म्हणजे जादा गुंतवणूक चार बिलांची. बचत पंचवीस टक्क्यांची. गॅसचं कनेक्शन पूर्ण बंद केलंत तर स्थिर आकारही वाचेल. तो मी गॅसच्या खर्चावर आठ टक्के धरलाय, तुमच्या बिलावरचा आकडा घालून बघा. (स्वयंपाक गॅसवर असेल तर इंडक्शन शेगडीचा खर्च यात मिळवा. बरेच जण हे विसरतात आणि एका शेगडीसाठी वर्षानुवर्षं स्थिर आकार भरत बसतात.) सगळं मिळून वर्षाला बिलाच्या तीस टक्क्यांच्या आसपास वाचेल. चार भागिले ०.३, म्हणजे तेरा वर्षं. पंपाचं आयुष्य पंधरा ते वीस वर्षं धरतात. अठरा वर्षं चालला आणि शेवटी भंगारात गेला असं मानलं तर या चार बिलांवर वार्षिक परतावा साडेतीन टक्क्यांच्या घरात येतो. हा महागाई सोडून आहे, कारण गॅस-विजेचे दर वाढतील तशी बचतही वाढेल. महागाई तीन टक्के धरली तर साडेसहा टक्के म्हणा.

साडेसहा टक्के वाईट नाहीत. फार चांगलेही नाहीत. बिलातल्या बचतीच्या रूपाने मिळणाऱ्या परताव्यावर कर लागत नाही हा त्यातला छुपा फायदा. पण ९ टक्क्यांचं कर्ज काढून साडेसहा टक्के कमावणं म्हणजे दरवर्षी खिशातून भर घालणं. हप्ता भरताना ते जाणवत नाही, कारण गॅसचं बिल कमी झालेलं दिसतं आणि माणूस खूश असतो.

याच पद्धतीने पहिल्या कोटेशनचा हिशेब केलात तर साडेतीन बिलं जादा आणि बचत जेमतेम अकरा टक्के. वसुलीला तीस वर्षांहून जास्त. यंत्र तेवढं टिकणार नाही. त्या पर्यायापेक्षा नवा बॉयलर सरळ चांगला, आणि हे मी हीट पंप आवडणारा माणूस म्हणून सांगतोय.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, ती म्हणजे दर. आज गुणोत्तर तीन आहे. ते अडीच झालं तर दुसऱ्या कोटेशनचा खर्च १०० च्या जागी ६३ वर येईल आणि मी वर म्हटलेली तेरा वर्षं नऊ वर्षांवर येतील. चार झालं तर बरोबरीचा आकडाच ३.६ होतो आणि फक्त स्थिर आकार वाचतो. पुढच्या अठरा वर्षांत ते कुठे जाईल हे सांगणाऱ्याकडून सल्ला घेऊ नका. पण वीज कंपनीकडे ठरावीक तासांना स्वस्त वीज देणारा दर असेल, तर हीट पंप त्याचा फायदा उचलू शकतो, बॉयलर नाही. कोटेशनवर सही करण्याआधी तो दर मागून घ्या आणि वरचं गणित पुन्हा एकदा करा. छतावर सौर पॅनल असले तर उन्हाळ्यातलं गरम पाणी जवळजवळ फुकट पडतं, पण घर तापवायची गरज असते तेव्हा सूर्य रजेवर असतो. सौर पॅनलच्या भरवशावर हिवाळ्याचं बिल मांडू नका.

पैसा कुठून आणायचा? फंडातले पाच महिने काढून तीन महिने शिल्लक ठेवणं मला मान्य नाही. पत्नीचं काम कंत्राटी आहे, तेव्हा सहा महिने ही तुमची लक्ष्मणरेषा समजा. म्हणजे आठातले दोन महिनेच मोकळे. दरमहा सहावा हिस्सा वाचतोय, तो वर्षभर वेगळ्या खात्यात टाकलात की आणखी दोन महिने जमतात. राहिला एक महिना. त्यासाठी छोटं कर्ज घ्या आणि वर्षभरात संपवा, किंवा सरळ सहा महिने आणखी थांबा. एका महिन्याच्या खर्चावर एका वर्षाचं ९ टक्के व्याज बोचणार नाही. पाच महिन्यांच्या खर्चावर सात वर्षांचं बोचेल. गृहकर्जात भर घालून घेण्याचा मोह होईल, कारण व्याजदर कमी दिसतो. पण मग पंप म्हातारा होईपर्यंत त्याचे हप्ते चालू राहतात. तसं करायचंच असेल तर ती रक्कम चार-पाच वर्षांत फेडून टाकायची, असं लिहून ठेवून करा.

वर्षभर थांबल्याने तुमचं नुकसान किती? न झालेली बचत बिलाच्या तीस टक्के, म्हणजे तुमच्या हिशेबाने आठवडाभराचा घरखर्च. त्या बदल्यात व्याज वाचतं, फंड शाबूत राहतो, आणि एक हिवाळा अभ्यासाला मिळतो. धोका एकच, बॉयलर ऐन थंडीत बंद पडण्याचा. तेव्हा सर्व्हिसिंग आत्ताच करून घ्या आणि दोन साधे इलेक्ट्रिक हीटर घरात आणून ठेवा. थंडीत घर गोठलेलं असताना माणूस जो पहिला इन्स्टॉलर येईल त्याला हो म्हणतो. हीट पंपाचे सगळ्यात महाग निर्णय अशा आठवड्यात होतात. काम हिवाळा संपल्यावर काढा. तेव्हा इन्स्टॉलरना घाई नसते आणि तुम्हालाही नसते.

आता हिवाळ्यातला अभ्यास. याला एक पैसाही लागत नाही. थंडी पडली की बॉयलरचं रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ४५ वर आणा. सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवण्याची सवय सोडून दिवसभर चालू ठेवा. काळजी एकाच गोष्टीची: गरम पाण्याची टाकी असेल तर तिचं तापमान याच बटणाने खाली जात नाही ना, ते बघा. टाकीत कोमट पाणी दिवसेंदिवस साठून राहिलं तर लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. साठवलेलं पाणी ६० अंशांवर ठेवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे.

दोन-तीन दिवस असं चालवून प्रत्येक खोलीत थर्मामीटर ठेवा. ज्या खोल्या वीस अंशांवर टिकल्या त्यांचे रेडिएटर पुरेसे आहेत, ज्या सतरावर अडकल्या त्यांचे नाहीत. कदाचित पाचऐवजी तीनच बदलावे लागतील आणि कोटेशन तिथेच खाली येईल. कदाचित पाच नव्हे, सात लागतील. तेही आत्ता कळलेलं बरं. घरच्यांनाही या चाचणीत बसवा. रेडिएटर हाताला चटका देत नाही तरी खोली उबदार आहे, हे स्वतः अनुभवल्याशिवाय कुणाला पटत नाही, आणि न पटलेला माणूस पंप बसल्यावर गुपचूप थर्मोस्टॅट तेवीसवर नेतो.

चाचणीत वरच्या मजल्याच्या खोल्या मागे पडल्या तर आधी माळ्याचं इन्सुलेशन बघा. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं त्याहून स्वस्त. अशा कामाला अर्ध्या वर्षाच्या बिलाहून कमी खर्च येत असेल आणि दहा टक्के जरी उष्णता वाचली, तरी पाचेक वर्षांत पैसे सुटतात. पंपाच्या तेरा वर्षांशी तुलना करा. घराची गरज घटली की पंपाची बचतही त्या प्रमाणात घटते हे खरं, पण मग लहान पंप आणि आणखी कोमट पाणी चालतं.

हिवाळ्यानंतर दुसऱ्या इन्स्टॉलरशी पुन्हा बसाल तेव्हा काही गोष्टी लेखी घ्या. प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशेब, नुसता घराच्या क्षेत्रफळावरून काढलेला नको. सगळ्यात थंड दिवशी पाण्याचं तापमान किती धरलंय, तो आकडा. मधे बफर टाकी (पंप आणि रेडिएटर यांच्यामधली पाण्याची साठवण टाकी) का, हा प्रश्न विचाराच; काही घरांत ती गरजेची असते, पण पुष्कळदा सवयीने लावतात आणि तिच्यात गरम पाणी परतीच्या गार पाण्यात मिसळून दोन-चार अंश वाया जातात. वीज किती गेली आणि उष्णता किती आली हे वेगवेगळं मोजणारे मीटर हवेत. त्यांच्याशिवाय तुमचा ३.६ खरा आहे की नाही हे कधीच कळणार नाही. बाहेरच्या युनिटची जागाही ठरवून घ्या: हवेला मोकळीक, झोपायच्या खोलीखाली नको, शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर नको, आणि बर्फ वितळून येणारं पाणी चालायच्या वाटेवर नको. शीतक (पंपात फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) आर२९० म्हणजे प्रोपेन असेल तर ते ज्वालाग्राही असल्याने दारं, खिडक्या आणि गटारांपासून अंतर राखावं लागतं. एरवी ते चांगलं आहे: हवामानावरचा परिणाम आर३२ या दुसऱ्या शीतकाच्या तुलनेत नगण्य, आणि वेळ पडली तर पाणी ७० अंशांच्या आसपास नेण्याची ताकद.

पंप बसल्यावर तो बॉयलरसारखा चालवू नका. पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे आपोआप बदलणारी सोय जवळजवळ प्रत्येक पंपात असते. तिची रेषा इन्स्टॉलर घाईत उंच ठेवून जातो. उणे ५ ला ४५ आणि बाहेर १५ असताना २८, अशी कुठेतरी सुरुवात करा. मग दर तीन-चार दिवसांनी एक-दोन अंश खाली आणत जा, घर किंचित गार वाटेपर्यंत. तिथून एक अंश वर. एवढ्या एका कामातून जे वाचतं ते कुठल्याही स्मार्ट थर्मोस्टॅटने वाचत नाही. खोल्यांचे व्हॉल्व्ह बहुतेक उघडेच ठेवा. चार रेडिएटर बंद केले की पाणी फिरायला जागा उरत नाही आणि पंप पुन्हा चालू-बंदच्या फेऱ्यात अडकतो. रात्री तापमान उतरवायचं तर एक-दोन अंशच. पाच अंश उतरवलं की सकाळी पंप सगळ्यात गार हवेत सगळ्यात गरम पाणी करायला धावतो, आणि रात्री वाचवलेलं तिथे घालवतो.

गरम पाणी दुपारी तापवा, तेव्हा हवा सगळ्यात उबदार असते. फक्त स्वस्त विजेचे तास रात्री असतील तर हिशेब फिरतो. पंपाची टाकी रोज ४८-५० अंशांवर आणि जिवाणू मारायला ठरावीक दिवसांनी एकदा ६० वर, अशी वेळ यंत्रातच लावता येते. आणि महिन्यातून एकदा मेनूत जाऊन आतला इलेक्ट्रिक हीटर किती तास चालला ते बघा. तो एक युनिट घेऊन एकच युनिट देतो, आवाज करत नाही आणि चुकीच्या सेटिंगमुळे महिनोन्‌महिने चालू राहू शकतो. बाहेरच्या युनिटवर थंडीत बर्फ धरून मधूनच वाफ निघाली तर घाबरू नका. तो स्वतःचा बर्फ वितळवतोय. पाण्याचा फिल्टर वर्षातून एकदा साफ करून घ्या.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ. बदलीची. तेरा वर्षांत सुटणारा खर्च पाच वर्षांनी घर सोडणाऱ्याने करायचा नसतो. घर विकताना पंपाचे काही पैसे वसूल होतील, पण किती ते आज मोजता येत नाही, आणि न मोजता येणाऱ्या रकमेवर मी कुणाला निर्णय घ्यायला सांगत नाही. बदली झाल्यावर घर भाड्याने देणार असाल तरी वीज-गॅसचं बिल भाडेकरू भरेल, म्हणजे बचत त्याची आणि गुंतवणूक तुमची. तेव्हा पहिली चर्चा इन्स्टॉलरशी नको, ऑफिसात आणि घरात करा: बदलीची शक्यता किती खरी आहे, आणि झालीच तर कुटुंब इथेच राहणार का. राहणार असेल तर वरचा सगळा बेत लागू. जाणार असाल तर जुना बॉयलर दुरुस्त करत चालवा, आणि तो गेलाच तर नवा बॉयलर घेऊन मोकळे व्हा. ४५ अंशांची चाचणी मात्र दोन्ही परिस्थितींत कराच. बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा असेल तर परतीचं पाणी ५५ अंशांखाली गेल्यावरच तो धुरातली वाफ थिजवून तिची उष्णता परत मिळवतो. त्यामुळे काहीही विकत न घेता याच हिवाळ्यात गॅसचं बिल थोडं उतरेल. तसं उतरलं, तर २.७ चा आकडा थोडा वर सरकवून सगळं गणित पुन्हा मांडा आणि मला कळवा.